भीती तांदळाची, प्लास्टिक चहात

रेशनचे धान्य वाटप झाले की चार-आठ दिवसांत आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, या वेळच्या तांदळात प्लास्टिक आलंय म्हणे, पोरांना घालावा का?" कुणी पदराच्या गाठीत पाच-दहा दाणे बांधून आणलेले असतात, कुणी मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे करते. काही घरांत तर तो तांदूळ निवडून वेगळा काढला जातो आणि कोंबड्यांना टाकला जातो. करमाळ्यातच असे घडते असे नाही. राज्याच्या अनेक तालुक्यांतून गेल्या काही वर्षांत अशाच बातम्या आल्या आहेत.

प्रश्न विचारणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही. दुधात, तेलात, तिखटात भेसळ आपण पाहिलेली आहे. जो माणूस दाणे हातात घेऊन विचारायला येतो तो जागरूक आहे. मात्र या जागरूकतेची दिशा चुकली आहे. जिथे प्लास्टिक नाही तिथे आपण ते शोधतो आणि जिथे ते रोज आपल्या पोटात, छातीत आणि शेतात जाते तिथे आपले लक्ष नसते.

ते दाणे कसले?

तांदळात दिसणारे ते वेगळे दाणे प्लास्टिकचे नसतात. तो गुणसंवर्धित म्हणजे फोर्टिफाइड तांदूळ असतो. तांदळाची कणी दळून पीठ करतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळतात. मग ते पीठ पाणी आणि वाफेवर मळून यंत्राच्या साच्यातून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात. आपल्याकडे सोऱ्यातून शेवया पाडतात, तशातलाच प्रकार. हे दाणे साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळले जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकानुसार अशा एक किलो तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असते.

साच्यातून आल्यामुळे हे दाणे एकसारखे दिसतात. त्यांचा रंग थोडा पिवळसर किंवा जास्त पांढरा असतो. धुताना त्यातले काही पाण्यावर तरंगतात. संशय येतो तो इथेच. आपल्या राज्यात याचा पहिला प्रयोग गडचिरोली जिल्ह्यात झाला. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून घोषणा केली. पुढे अंगणवाडी, शालेय पोषण आहार आणि मग रेशन, अशा तीन टप्प्यांत मार्च २०२४पर्यंत हा तांदूळ देशभर पोहोचवायचे ठरले. तांदूळ पोहोचला, पण त्याची माहिती त्याच्या मागे रेंगाळली. रेशन दुकानाच्या फलकावर दोन ओळी असत्या, दुकानदाराने धान्य मोजताना एक वाक्य सांगितले असते, तर निम्मी अफवा जागच्या जागी विरली असती. ती मोकळी जागा मोबाइलने भरून काढली.

व्हिडिओतल्या परीक्षा

प्लास्टिकच्या तांदळाची अफवा आपल्याकडे जन्मलेली नाही. २०१०-११च्या सुमारास ती चीनमधून निघाली. २०१७मध्ये तेलंगणा आणि आंध्रात ती पसरली आणि त्याच वर्षी कोलकात्यात प्लास्टिकच्या अंड्यांचा बोलबाला झाला. 'तांदळाचा कारखाना' म्हणून फिरणाऱ्या काही चित्रफिती टाकाऊ प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरण्यासाठी त्याचे दाणे करणाऱ्या यंत्रांच्या आहेत. प्लास्टिकच्या कोबीची चित्रफीत जपानमधली. तिथे हॉटेलच्या काचेच्या कपाटात मांडण्यासाठी पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती करतात, त्यातली ती.

या चित्रफितींत दाखवल्या जाणाऱ्या परीक्षाही तपासून पाहू. भाताचा गोळा जमिनीवर आपटला की उसळतो. कोणत्याही चिकट भाताचा घट्ट गोळा उसळेल, कारण स्टार्च चिकट आणि लवचिक असतो. दाणा जाळला की काळा पडतो आणि वास येतो. ज्वारीचा दाणा जाळला तरी तेच होईल. अंड्याच्या आतला पापुद्रा जळताना आक्रसतो. तो प्रथिनांचा असतो, केस जळताना जसा आक्रसतो तसाच.

खरी परीक्षा याहून सोपी आहे. संशय असलेले दाणे वेगळे काढा, रात्रभर पाण्यात भिजत घाला आणि सकाळी शिजवा. प्लास्टिक पाणी पीत नाही. ते फुगत नाही, शिजून बोटाने चुरडले जात नाही. कुकरमधले तापमान १२० अंशांच्या आसपास असते. त्यात पातळ पिशव्यांचे पॉलिथिन वितळून एकमेकांना चिकटेल आणि पॉलिप्रॉपिलीन जसेच्या तसे राहील. यातला कुठलाच प्रकार भातासारखा होणार नाही. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट आहे. प्लास्टिकचा नवा कच्चा माल बाजारात साध्या तांदळाहून महाग पडतो. भेसळ करणारा स्वस्त वस्तू महाग वस्तूत मिसळतो. उलटा धंदा तो करणार नाही.

फेकून दिलेले लोह

ही अफवा निरुपद्रवी असती तर तिच्यावर एवढी शाई खर्च केली नसती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिला रक्तक्षयी आहेत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण ६८.९ टक्के आहे. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या कोणालाही या आकड्यांचे नवल वाटत नाही. हिमोग्लोबिन सात-आठ असलेली गरोदर बाई उसाच्या फडातून किंवा केळीच्या बागेतून थेट तपासणीला येते. प्रसूतीच्या वेळी थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी तिच्या जिवावर बेततो. अशा घरात वेगळे दिसणारे दाणे निवडून टाकले जातात, तेव्हा नेमके लोहच निवडून टाकलेले असते.

या तांदळाबद्दल विचारण्यासारखे खरे प्रश्नही आहेत. गोदामात महिनोन् महिने पडून राहिल्यावर त्यातले सत्त्व किती टिकते? तो सरसकट सगळ्यांना देणे योग्य आहे का? त्याने रक्तक्षय नेमका किती कमी होतो? यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलच्या रुग्णांनी लोहाच्या बाबतीत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे. आणि केवळ या तांदळावर रक्तक्षय बरा होत नाही. लोहाच्या गोळ्या, जंताचे औषध, पालेभाज्या, कडधान्ये, जेवणात लिंबू हे सगळे लागतेच. पण 'प्लास्टिक, प्लास्टिक' या ओरड्यात हे खरे प्रश्न कोणाच्या कानावरच जात नाहीत.

बाटलीतले विष

आता प्लास्टिकच्या खऱ्या धोक्यांकडे वळू. ते मी रुग्णालयात बसून पाहतो त्या क्रमाने सांगतो.

पहिला धोका कर्करोगाचा किंवा सूक्ष्मकणांचा नाही. तो थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीचा आहे. शेतावर शेजाऱ्याकडून थोडे तणनाशक आणायचे असते, घरात थोडे रॉकेल किंवा फिनेल ठेवायचे असते, तेव्हा हाताला ही बाटली लागते. ती खोपीत, खिडकीत, कधी पाण्याच्या माठाशेजारी ठेवली जाते. तहानलेला मुलगा किंवा अंधारात चाचपडणारा म्हातारा माणूस घोट घेतो. पॅराक्वाट नावाच्या तणनाशकावर आजही उतारा नाही. एक-दोन घोटही फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी करायला पुरतात. काही माणसे पहिले दोन दिवस नीट बोलतात आणि मग डोळ्यांदेखत जातात. कीटकनाशकाचे रिकामे डबे धुऊन त्यात पिण्याचे पाणी किंवा धान्य ठेवण्याची सवयही अशीच घातक. असा डबा कितीही धुतला तरी तो घरात वापरायचा नाही. त्याला भोके पाडायची आणि तो पुन्हा वापरात येणार नाही असे करायचे. औषध मूळ डब्यातच, कुलपात ठेवायचे.

धूर

दुसरा धोका धुराचा. 'नेचर' या नियतकालिकात सप्टेंबर २०२४मध्ये ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाला सुमारे ९३ लाख टन प्लास्टिक उघड्यावर सोडून भारत जगात पहिला, असा त्यांचा अंदाज आहे. त्यातले सुमारे ५८ लाख टन प्लास्टिक उघड्यावर जाळले जाते. या आकड्याच्या पद्धतीवर वाद घालता येईल. पण सकाळी आपल्या कुठल्याही गावातून चक्कर मारली तर त्यातले थोडेफार आपल्याला पेटलेले दिसेलच.

झाडलोट झाली की कोपऱ्यात ढीग करून काडी लावायची, हा आपला रिवाज आहे. पूर्वी त्यात पालापाचोळा असे, आता गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, वायर आणि चपला असतात. चूल लवकर पेटावी म्हणून कॅरिबॅगचा तुकडा सरपणाखाली सारणाऱ्या बायका आजही आहेत. शेतात आणखी एक भर पडली आहे. उजनीच्या काठच्या गावांत केळी फोफावली, कंदरसारख्या गावातून ती परदेशी जाते, याचा अभिमान आहेच. पण घडांना घातलेल्या पिशव्या, कलिंगड-मिरचीखालचा मल्चिंग पेपर, ठिबकच्या जुन्या नळ्या हे सगळे हंगाम संपल्यावर कुठे जाते? नळ्या भंगारवाला नेतो. मातीने बरबटलेला पातळ मल्चिंग पेपर तो नेत नाही. तो बांधावर पेटतो.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड, काजळीचे बारीक कण आणि कर्करोगकारक रसायने असतात. वायरचे आवरण, पाइप, रेक्झिन अशा पीव्हीसीच्या वस्तू जळाल्या तर डायॉक्सिनही तयार होते. दम्याच्या रुग्णाला या धुराचा त्रास तासाभरात होतो, बाकीच्यांना वर्षांनी. गंमत अशी की मोबाइलवर डायॉक्सिनची भीती घातली जाते ती गाडीत तापलेल्या पाण्याच्या बाटलीची. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या नावाने तो निरोप फिरतो. त्याच विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाने दोन दशकांपूर्वी त्याचे खंडन केले होते. त्या बाटलीच्या प्लास्टिकमध्ये क्लोरीन नसते आणि डायॉक्सिन तयार होण्याइतकी उष्णता उन्हातल्या गाडीत कधीच होत नाही. ते तयार होते आपण पेटवलेल्या ढिगात. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड करावा, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्येच सांगितले आहे.

कपातला डास

तिसरा धोका पावसाळ्यात दिसतो. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. फेकलेला चहाचा कप, नारळपाण्याचा प्लास्टिक ग्लास, गच्चीवरची फुटकी बादली, ताडपत्रीच्या घडीत साचलेले पाणी त्याला पुरते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे आरोग्य कर्मचारी सांगतात त्यामागे हेच गणित आहे. गटारे तुंबण्यात पिशव्यांचा वाटा आहेच. २६ जुलै २००५च्या मुंबईतल्या प्रलयानंतर राज्य सरकारने २००६मध्ये पातळ पिशव्यांवर निर्बंध आणले ते यामुळेच. उकिरड्यावरच्या पिशवीला अन्नाचा वास असतो, म्हणून गाय ती पिशवीसकट गिळते. पिशवी पोटात साठत जाते, जनावर खंगते, दूध आटते. नुकसान शेवटी आपल्याच घरचे.

आणि चहातले प्लास्टिक

आता पोटात जाणाऱ्या प्लास्टिककडे येऊ. दुकानात, ऑफिसात, शेतावर चहा मागवला की तो पातळ पिशवीत येतो, तोंडाला रबर लावलेला. सोबत कागदी कप. हॉटेलातली रस्साभाजी, सांबारही तसेच पार्सल होऊन येते. प्लास्टिक आणि अन्न यांचा सर्वांत वाईट संयोग हाच: उकळता पदार्थ, तेल-तिखट आणि पातळ प्लास्टिक. उष्णता वाढली की प्लास्टिकमधून कण आणि रसायने सुटण्याचे प्रमाण वाढते.

कागदी कप नुसता कागदाचा नसतो. आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा झिरपत नाही. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२१मध्ये अशा कपांत गरम पाणी ओतून पाहिले. शंभर मिलिलिटर पाण्यात १५ मिनिटांत सुमारे २५ हजार सूक्ष्मकण मिळाले. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार कण आढळले. आकडे घाबरवणारे आहेत, पण हे कण इतके बारीक असतात की त्यांचे एकूण वजन फारच थोडे भरते.

मग त्यांनी अपाय होतो का? मार्च २०२४मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये इटलीतला एक अभ्यास आला. मानेतल्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांकडे संशोधकांनी सुमारे तीन वर्षे लक्ष ठेवले. त्यातल्या १५० जणांच्या थरात पॉलिथिनचे कण सापडले. ज्यांच्यात कण होते त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे साडेचार पट होते. यावरून कणांनीच झटका आला हे सिद्ध होत नाही. त्या माणसांचे राहणीमान, आहार, हवा यांतही फरक असू शकतो. पण हे दुर्लक्ष करण्याजोगे नक्कीच नाही. शास्त्र आज एवढेच सांगते की संशयाला आधार आहे, पुरावा पूर्ण व्हायचा आहे. अशा वेळी घाबरून जाण्यापेक्षा जे सहज टाळता येते ते टाळणे शहाणपणाचे.

बाळाच्या दुधाच्या बाटलीचेही असेच. बीपीए हे रसायन असलेल्या पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या बाळांसाठी वापरू नयेत, हे भारतीय मानकात २०१५पासून आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत गरम पाणी घालून हलवले की लाखो सूक्ष्मकण सुटतात, असे आयर्लंडमधल्या संशोधकांनी २०२०मध्ये दाखवले. पण आमच्या बालरुग्ण विभागात बाटलीने आजारी पडलेली बाळे येतात ती जुलाबाने, कारण तिचे बूच नीट धुतले जात नाही. दोन्हींवर उपाय एकच. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध. ते शक्य नसेल तर स्टीलची वाटी आणि चमचा.

काय करायचे?

कायदा आपल्याकडे भरपूर आहे. राज्याने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांनी दंडाची अंमलबजावणी सुरू झाली: पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये आणि तुरुंगवास. केंद्राने १ जुलै २०२२पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली आणि त्याच वर्षाअखेर १२० मायक्रॉनहून पातळ कॅरिबॅग बेकायदा ठरल्या. जाडीच्या अटीमागे साधे कारण आहे. पातळ पिशवीला वजन नसते, म्हणून ती वेचणाऱ्याला परवडत नाही आणि ती वाऱ्यावर राहते. तरीही आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीला तीच पिशवी मिळते, कारण मागणारे आपणच आहोत.

म्हणून आधी घरातून सुरुवात करू. चहासाठी थर्मास किंवा किटली, पार्सलसाठी स्टीलचा डबा, पिण्यासाठी काचेचा किंवा स्टीलचा पेला. चहावाल्याकडे काचेचे ग्लास असतात. गरम पाण्यात विसळून दे म्हणायला लाज कसली? गरम अन्न, लोणचे आणि तेल प्लास्टिकच्या जुन्या डब्यात ठेवायचे नाही. कोरडे धान्य, डाळी ठेवल्या तर बिघडत नाही. घरातले सगळे प्लास्टिक एका दिवसात फेकून देण्याची गरज नाही. तसे केले तर तेही उकिरड्यावरच जाईल.

काही कामे गावाने करायची आहेत. मल्चिंग पेपर आणि केळीच्या पिशव्या गोळा करायला ग्रामपंचायतीने हंगामाच्या शेवटी एक जागा ठरवावी आणि विकणाऱ्या दुकानदारांना त्यात ओढावे. घंटागाडीत कोरडा कचरा वेगळा घेतला जातो का, हे ग्रामसभेत विचारावे. रेशन दुकानाबाहेर 'या तांदळात लोहयुक्त दाणे आहेत, निवडून टाकू नयेत' एवढा मजकूर मोठ्या अक्षरात लावायला तहसील कार्यालयाला फार खर्च येणार नाही. तरीही धान्याबद्दल शंका असेल तर ते तपासून घेण्याचा हक्क आपल्याला आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. गटावर पुढे पाठवलेल्या व्हिडिओने तपासणी होत नाही.

नवा निरोप आला की स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. हे कोण सांगतो आहे, त्याचे नाव-गाव आहे का? हे कसे घडते, याची काही रीत सांगितली आहे का? आणि खरे असेल तर मी नेमके काय करायचे? 'लवकर सर्वांना पाठवा' यापलीकडे ज्यात करण्यासारखे काहीच सांगितलेले नाही, तो निरोप बहुधा पुसून टाकण्याच्या लायकीचा असतो.

रेशनचा तांदूळ धुवा, शिजवा आणि पोरांना पोटभर वाढा. आणि खोपीतल्या खिडकीत थंड पेयाच्या बाटलीत काही भरून ठेवले असेल तर आजच तिची विल्हेवाट लावा.